प्रीअ‍ॅम्पमध्ये जुने व्हॉल्व्ह लावून बघताना : सोलापुरातल्या नव्या हौशींसाठी

माझ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये लावलेला पहिला जुना व्हॉल्व्ह काही क्षणांत गेला. (प्रीअ‍ॅम्प म्हणजे गाण्याचा बारीक सिग्नल स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पकडे जाण्याआधी वाढवणारं यंत्र, आणि व्हॉल्व्ह म्हणजे त्यातली काचेची नळी.) स्विच दाबला, काचेत पांढराशुभ्र उजेड पडला आणि विझला. विकणाऱ्याने "१२एएक्स७च्या जागी बिनधास्त लावा, तोच आहे" असं सांगितलं होतं. १२एएक्स७ हा प्रीअ‍ॅम्पमधला नेहमीचा व्हॉल्व्ह. त्याने दिलेला मात्र रशियन ६एन२पी होता. वर्धन (सिग्नल किती पट वाढतो ते) जवळपास १२एएक्स७इतकंच, काचेचा आकार तोच, पिना नऊच. फक्त हीटरची, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेची, जोडणी वेगळी. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर तो व्हॉल्व्ह आजही चालू असता.

सोलापुरात हे विचारायला माणूस सहज सापडत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले जुने कारागीर आता मोजकेच उरलेत, आणि महागडा प्रीअ‍ॅम्प विकणारी दुकानं पुण्या-मुंबईत. म्हणून हा लेख. तुमच्याकडे व्हॉल्व्हचा चांगला प्रीअ‍ॅम्प आहे, कंपनीने दिलेले व्हॉल्व्ह नवे आहेत, आणि १९५० ते १९८० च्या काळातले मुलार्ड, टेलिफुंकन, सीमेन्स, आरसीए या कंपन्यांचे व्हॉल्व्ह लावून बघायची इच्छा आहे, असं धरून लिहितो. हौशी मंडळी याला ट्यूब रोलिंग म्हणतात. दुकानात मात्र "ट्यूब" म्हणू नका, "रेडिओचा व्हॉल्व्ह" म्हणा, म्हणजे समोरच्याला लगेच कळतं.

लागणारं सामान

मल्टिमीटर, चांगला टॉर्च, भिंग, सुती हातमोजे किंवा स्वच्छ रुमाल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, पेन्सिल, एक वही. प्रीअ‍ॅम्पची पुस्तिका आणि मिळत असेल तर सर्किटचा नकाशा. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीला ईमेल करून मागवा. ती हातात येईपर्यंत एकही व्हॉल्व्ह विकत घेऊ नका.

१. आपल्या प्रीअ‍ॅम्पमध्ये काय आहे ते आधी नीट बघा

झाकण उघडायच्या आधी प्रीअ‍ॅम्प बंद करा आणि वायर भिंतीतल्या सॉकेटातून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. आत साधारण २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतं आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही वेळ साठून राहतं. अर्धा तास थांबा. काही प्रीअ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह वरून काढता येतात, तिथे आत हात घालायची वेळच येत नाही. ज्यात झाकण काढावं लागतं, त्यात मल्टिमीटर डीसीवर ठेवून मुख्य कपॅसिटरवर किती व्होल्ट उरलेत ते मोजा आणि आकडा २०-३०च्या खाली उतरेपर्यंत हात घालू नका. मोजताना दुसरा हात पाठीमागे. रेडिओ कारागिरांची ही जुनी शिस्त आहे. दोन्ही हात आत असले की करंट छातीतून जायला वाट मिळते. हे मोजणं तुम्ही कधी केलं नसेल तर पहिल्या वेळी जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

आता वहीत लिहा : कोणत्या सॉकेटात कोणत्या नंबरचा व्हॉल्व्ह आहे. मोबाइलवर फोटोही काढा. मग पुस्तिकेतून शोधा की कोणता व्हॉल्व्ह काय काम करतो. साधारणपणे एक वर्धनासाठी असतो आणि एक बफर म्हणून, म्हणजे आवाज न वाढवता पुढे ताकदीने पाठवणारा. रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो भाग असेल तर त्यातला पहिला व्हॉल्व्ह सगळ्यात नाजूक. फरक सर्वांत जास्त ऐकू येतो तो वर्धनाच्या पहिल्या व्हॉल्व्हमध्ये. बफरवर पैसे घालायची घाई नको.

आणखी एक बघा. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे वर्धन करणारे दोन स्वतंत्र भाग, असतात. काही प्रीअ‍ॅम्पमध्ये एका व्हॉल्व्हचा अर्धा भाग डाव्या बाजूला आणि अर्धा उजव्या बाजूला काम करतो, तर काहींत प्रत्येक बाजूला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. पहिल्या प्रकारात त्याच व्हॉल्व्हचे दोन्ही अर्धे सारखे हवेत. दुसऱ्यात दोन व्हॉल्व्हची जोडी जुळलेली हवी. खरेदी करताना विकणाऱ्याला नेमकं काय विचारायचं ते यावरून ठरतं.

२. नंबर, पिना आणि हीटर

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. माझा ६एन२पी इथेच गेला.

नंबर वाचायला शिका. युरोपियन नावात पहिलं अक्षर हीटरचं असतं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरचा, मालिकेत जोडायचा. सी म्हणजे ट्रायोड, सीसी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. पुढचा ऐंशीच्या घरातला आकडा नऊ पिनांची नोव्हल बैठक सांगतो. अमेरिकन नावात पहिला आकडा हीटरच्या व्होल्टचा. ईसीसी८३ आणि १२एएक्स७ एकच, कारण त्याचा हीटर ६.३ आणि १२.६ अशा दोन्ही व्होल्टवर चालतो.

चार नंबर वारंवार भेटतील. वर्धनाचा आकडा, ज्याला म्यू म्हणतात, तोही लक्षात ठेवा :

ईसीसी८३ किंवा १२एएक्स७ : म्यू १००
ईसीसी८१ किंवा १२एटी७ : म्यू ६०
ईसीसी८२ किंवा १२एयू७ : म्यू साधारण १७ ते २०
ईसीसी८८ किंवा ६डीजे८ : म्यू ३३

पहिल्या तिघांची पिनांची रचना एकच. हीटर ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवर, आणि त्याचा मध्यबिंदू ९ वर. त्यामुळे तो १२.६ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर घेतो किंवा ६.३ व्होल्टवर ३००. चौथ्याची, म्हणजे ईसीसी८८ची, रचना वेगळी आहे. त्याचा हीटर ४ आणि ५ वर फक्त ६.३ व्होल्टचा, आणि ९ क्रमांकाची पिन दोन ट्रायोडमधल्या आडोशाची. ईसीसी८३ आणि ईसीसी८८ एकमेकांच्या जागी कधीही लावू नका. सॉकेटात बसतात म्हणून चालतात असं नाही.

माझ्या ६एन२पीची गोष्टही तीच. त्याचा हीटर ४ आणि ५ वर ६.३ व्होल्टचा, आणि माझ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये त्याच दोन पिनांवर १२.६ व्होल्ट येत होते. हीटरला दुप्पट व्होल्ट मिळाले. एखाद्या प्रीअ‍ॅम्पमध्ये ४ आणि ५ जोडून ९ पिनेला ६.३ दिलेले असतात. तिथे ६एन२पी नुसता पेटणारच नाही. म्हणजे एकाच चुकीचे दोन प्रीअ‍ॅम्पमध्ये दोन वेगळे परिणाम, आणि "माझ्याकडे काही झालं नाही" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो.

पुढचा सापळा हीटरच्या करंटचा. ईसीसी८८च्या जागी रशियन ६एन१पी सुचवला जातो. पिना जुळतात, पण तो ६०० मिलिअँपिअर घेतो, तर ईसीसी८८ फक्त ३६५. ज्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये (व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या भागात) तेवढी जादा ताकद नाही, तो प्रीअ‍ॅम्प तापत राहतो. रशियनच हवा असेल तर ६एन२३पी घ्या, तो ३१० घेतो. ईसीसी८२च्या जागी १२बीएच७ लावणाऱ्यांचीही हीच चूक होते. १२बीएच७ला ६.३ व्होल्टवर ६०० लागतात, ईसीसी८२ला ३००. ईसीसी८३च्या जागी ५७५१ मात्र चालतो. हीटरचा करंट किंचित जास्त, ६.३ वर ३५०. त्याचा म्यू ७० आहे, म्हणजे आवाज थोडा खाली येईल. याचा हिशोब सातव्या पायरीत येतो.

तिसरा सापळा प्लेटच्या व्होल्टचा. प्लेट म्हणजे व्हॉल्व्हमधला जास्त व्होल्टचा पत्रा. साध्या ईसीसी८८ची मर्यादा १३० व्होल्ट आहे. ई८८सीसी किंवा ६९२२ ही त्याचीच टिकाऊ आवृत्ती, मर्यादा जास्त आणि आयुष्य दहा हजार तासांचं सांगितलेलं. तुमच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये कंपनीने ६९२२ दिला असेल तर स्वस्त मिळतोय म्हणून साधा ६डीजे८ आणू नका. प्लेटवर किती व्होल्ट आहेत ते आधी पुस्तिकेत बघा.

ईसीसी८३च्या जागी ईसीसी८२ लावून "आवाज मऊ करता येतो" असंही ऐकाल. काही जळणार नाही, पण आतले रेझिस्टर ईसीसी८३च्या थोड्याशा करंटसाठी बसवलेले असतात आणि ईसीसी८२ला त्याच्या कितीतरी पट करंट हवा असतो. तो उपाशीपोटी चालतो. फोनो भागात तर रेकॉर्डसाठीची वारंवारतेची दुरुस्तीच बिघडते, कारण ती व्हॉल्व्हच्या गुणांवर बेतलेली असते. नंबर तोच ठेवा, कारखाना आणि काळ बदला. शिकायला तेवढं पुष्कळ आहे.

घरच्या जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह काढून लावायचा मोहही होईल. ईसीएच८१ आणि ईएल८४लाही नऊ पिना असतात, पण त्यांचं काम आणि जोडणी निराळी. ते रेडिओतच राहू द्या.

३. घरची वीज आणि अर्थिंग तपासा

ही पायरी मी सोलापूरसाठी मुद्दाम मोठी लिहितोय.

आमच्या भागात संध्याकाळी मल्टिमीटरवर २१५ दिसतात आणि रात्री अकरानंतर यंत्रमाग थांबले की २४५ ते २५०. प्रीअ‍ॅम्प २३० व्होल्टचा असेल आणि हीटरला रेग्युलेटर नसेल, तर २५० वर ६.३ चे जवळपास ६.८५ होतात. म्हणजे जवळजवळ नऊ टक्के जास्त. बहुतेक व्हॉल्व्हना पाच ते दहा टक्क्यांचीच मुभा असते. प्रीअ‍ॅम्प परदेशातून आणलेला आणि मागे २२० लिहिलेलं असेल तर तीही मुभा संपते. आपण शांततेसाठी रात्री ऐकायला बसतो, आणि नेमकं तेव्हाच व्होल्टेज चढलेलं असतं.

म्हणून आठवडाभर वेगवेगळ्या वेळी सॉकेटातलं व्होल्टेज मोजून वहीत लिहा. ते २४० च्या वर जात असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. रिलेचा साधा स्टॅबिलायझर टप्पे बदलताना टकटक करतो आणि ती टकटक स्पीकरमध्ये येते. इन्व्हर्टरवर ऐकत असाल तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर जी गुणगुण येते तिचा दोष लोक व्हॉल्व्हला देतात.

वीज गेली की पॉवर अ‍ॅम्पचा स्विच आधी बंद करा. वीज परत येते तेव्हा व्हॉल्व्ह गरम होताना जो धक्का निघतो तो सरळ स्पीकरवर जाऊ नये म्हणून. रोजचा क्रमही असाच : चालू करताना आधी प्रीअ‍ॅम्प, एक-दोन मिनिटांनी पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना आधी पॉवर अ‍ॅम्प.

अर्थिंगकडे आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मार्चनंतर इथली जमीन कोरडीठाक पडते आणि अर्थिंगचा खड्डाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर एसीवर ठेवून बघा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. माझ्याकडे एका उन्हाळ्यात प्रीअ‍ॅम्प गुणगुणायला लागला. मी दोन व्हॉल्व्ह बदलले, तरी फरक नाही. शेवटी खड्ड्यात पाणी ओतल्यावर गुणगुण थांबली. पाणी रोज न येणाऱ्या गावात हे जिवावर येतं, म्हणून फिल्टरमधून वाया जाणारं पाणी आता मी आठवड्यातून एकदा तिथे ओततो.

४. खरेदी

आधी एक नवा, चांगला, तपासलेला व्हॉल्व्ह घ्या, उदाहरणार्थ स्लोव्हाकियाचा जेजे. तो तुमचा मापाचा दगड. जुन्या व्हॉल्व्हचा आवाज नेहमी त्याच्याशी तोलायचा. कंपनीने दिलेले मूळ व्हॉल्व्ह सुरक्षित ठेवले असतील तर तेही चालतील.

नावावरून फसू नका. मूळ मुलार्डचे हे व्हॉल्व्ह इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनायचे. आज "मुलार्ड" किंवा "टंग-सोल" छापलेले नवे व्हॉल्व्ह रशियात सारातोवला बनतात. ते वाईट नाहीत, पण ते जुने नव्हेत. उलटंही असतं. जुन्या काळात कंपन्या एकमेकांकडून माल घेऊन आपला शिक्का मारत, त्यामुळे अमेरिकन नावाच्या डब्यात हॉलंडचा किंवा इंग्लंडचा व्हॉल्व्ह निघतो. डबा आणि छपाई यापेक्षा काचेवरचा संकेत आणि आतली बांधणी महत्त्वाची.

फिलिप्सच्या कुटुंबातल्या व्हॉल्व्हवर काचेच्या खालच्या भागात बारीक अक्षरांच्या दोन ओळी असतात. पहिली ओळ प्रकाराची. आय६१ असेल तर ईसीसी८३. दुसरी ओळ कारखान्याची आणि तारखेची. बी४एफ१ म्हणजे बी ब्लॅकबर्न, ४ वर्षाचा शेवटचा आकडा, एफ सहावा महिना जून, आणि १ पहिला आठवडा. कारखान्याच्या जागी त्रिकोण असेल तर हॉलंडमधलं हेर्लेन, डी असेल तर हॅम्बुर्ग. ४ म्हणजे १९६४ की १९७४, हे आतल्या बांधणीवरून ठरवावं लागतं. टेलिफुंकनच्या काचेच्या तळाला पिनांच्या मधोमध साच्यातच आलेला, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार असतो. नख फिरवलं की जाणवतो. नुसता छापलेला असेल तर परत करा.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार या दोन जागा जाऊन बघण्यासारख्या. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं. जुन्या बाजारात भारतीय व्हॉल्व्हही नजरेला पडतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बीईएल) १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. चांगल्या अवस्थेतला बीईएलचा ईसीसी८३ मिळाला तर तो जरूर घ्या, परदेशी नावांइतका महाग नसतो आणि माझ्या फोनो भागात तो फार शांत चालला. पण बाजारातला माल तपासलेला नसतो. तिथे घेताना तो गेला तरी वाईट वाटणार नाही एवढेच पैसे घाला.

परदेशातल्या विक्रेत्याकडून मागवताना मोजणीचे आकडे मागा. "मजबूत आहे" हे उत्तर नव्हे. ईसीसी८३च्या प्लेटवर २५० आणि ग्रिडवर (सिग्नल येतो त्या जाळीवर) उणे २ व्होल्ट असताना १.२ मिलिअँपिअर करंट आणि १.६ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट (ग्रिड एक व्होल्टने बदलली की करंट किती बदलतो ते) अशी अपेक्षा असते. ईसीसी८२ची उणे ८.५ वर १०.५ आणि २.२. दोन्ही अर्ध्यांचे आकडे वेगवेगळे मागा आणि ते एकमेकांच्या दहा टक्क्यांत आहेत का ते बघा. मीटरवर नुसता "चांगला" दाखवणारं यंत्र बहुधा फक्त उत्सर्जन, म्हणजे आतून किती इलेक्ट्रॉन निघतात तेवढंच, मोजतं. त्यातून खरखर कळत नाही. फोनोसाठी घेत असाल तर "आवाजासाठी ऐकून तपासला आहे का" हा वेगळा प्रश्न विचारा.

परदेशी पार्सलसाठी लागणारी कागदपत्रं

विक्रेत्याचं बिल, पैसे भरल्याची पावती, केवायसीसाठी आधार, पॅन किंवा पासपोर्ट, आणि वस्तूचं स्पष्ट वर्णन. बिलावर "इलेक्ट्रॉन व्हॉल्व्ह" आणि ८५४० हा सीमाशुल्काचा क्रमांक लिहायला सांगा, म्हणजे पार्सल अडून राहण्याची शक्यता कमी होते. सीमाशुल्क आणि आयजीएसटी लागतो, तो किमतीत धरूनच निर्णय घ्या. विक्रेता "भेटवस्तू लिहितो, किंमत कमी दाखवतो" म्हणाला तर नको म्हणा. पार्सल फुटलं तर भरपाई त्याच कमी किमतीची मिळते, शिवाय ते खोटं आहे.

५. पार्सल आल्यावर

उघडताना व्हिडिओ काढा. पार्सल थंड जागेतून आलेलं असो वा उन्हातून, दोन तास घरात राहू द्या.

काचेच्या वरच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत थर असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह कधीही लावू नका. थर लहान किंवा तपकिरी दिसला तरी तेवढ्यावरून बाद करू नका. पिना वाकल्या आहेत का, काचेला पिनांजवळ केसासारखी भेग आहे का, हे भिंगातून बघा. वाकलेली पिन जोर लावून सरळ केली तर काच तडकते. अगदी थोडी, हळूहळू.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून ४ आणि ५ पिनांमध्ये मोजा. काही ओहमचा आकडा आला की हीटर शाबूत. पिना अल्कोहोलने पुसा, पण काचेवरच्या छपाईला बोट लावू नका. जुन्या मुलार्डची छपाई नुसत्या अंगठ्याने निघून जाते, आणि ती गेली की पुढे विकताना किंमत निम्मी.

६. बदलणं

बंद करून, वायर काढून, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. झाकण उघडावं लागत असेल तर पहिल्या पायरीतली सगळी काळजी इथेही. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला धरून अगदी बारीक गोल हलवत सरळ वर काढा. एका अंगाला वाकवू नका. नवा लावताना पिनांमधली रिकामी जागा सॉकेटशी जुळवा आणि सरळ दाबा. सॉकेट सैल वाटलं तर आत अल्कोहोलचा ब्रश फिरवा.

एका वेळी एकच व्हॉल्व्ह बदला. प्रत्येक बाजूला स्वतंत्र व्हॉल्व्ह असेल तर एक जोडी. तीन सॉकेटांत तीन नवे व्हॉल्व्ह लावले आणि आवाज बदलला, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही. प्रीअ‍ॅम्पच्या छोट्या व्हॉल्व्हना बहुतेक वेळा बायस (ग्रिडचे ठरलेले व्होल्ट) जुळवावा लागत नाही, तो आपोआप ठरतो.

पहिल्यांदा चालू करताना पॉवर अ‍ॅम्प बंद ठेवा आणि खोलीत अंधार करून बघा. हीटर मंद नारिंगी हवा. काही जुने मुलार्ड आणि अ‍ॅम्परेक्स चालू होताना क्षणभर लख्ख चमकतात आणि मग निवतात, ते नेहमीचं आहे, घाबरू नका. मात्र प्लेट लाल झाली, वास आला, किंवा हीटर पांढराच राहिला तर लगेच बंद.

७. ऐकणं

सोलापुरात हे काम दिवाळी ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेदरम्यान करा, असं माझं ठाम मत आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर असताना पंख्याशिवाय बसता येत नाही आणि पंख्याच्या आवाजात तानपुऱ्याचा तळ ऐकू येत नाही. प्रीअ‍ॅम्पलाही बंद कपाटात ठेवलं असेल तर तो आतून भाजतो. थंडीतली पहाट सगळ्यात उत्तम.

पहिले पंचवीस-तीस तास मत बनवू नका. पन्नास वर्षं पडून असलेला व्हॉल्व्ह सुरुवातीला थोडा खरखरतो आणि मग स्थिरावतो.

आता आवाजाची पातळी. ही पायरी गाळली तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या फुकट. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त भरीव आणि जास्त खुला वाटतो. मला एका जुन्या ईसीसी८२मध्ये डग्ग्याचा घुमारा फार वाढलेला वाटला होता. चार दिवस मी खुशीत होतो. मग मोजलं तेव्हा तो आधीच्यापेक्षा एक डेसिबल मोठा वाजत होता. पातळी जुळवली आणि घुमारा दोन्हीत सारखाच निघाला.

मोजायची रीत सोपी आहे. मोबाइलवरून किंवा सीडीवरून ३०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा. स्वस्त मल्टिमीटर त्याहून उंच सुरावर चुकतात. एका स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर एसीवर लावा, दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नका. पहिल्या व्हॉल्व्हवर आवाजाचं बटण फिरवून बरोबर १ व्होल्ट करा आणि बटणाची जागा लिहून ठेवा. व्हॉल्व्ह बदलल्यावर पुन्हा १ व्होल्ट करा. दोन टक्क्यांच्या आत आलं की पुरे. एक डेसिबल म्हणजे व्होल्टमध्ये बारा टक्के, त्यामुळे डोळ्यांनी बटण जुळवून हे जमत नाही. १००च्या जागी ७० म्यूचा ५७५१ लावला तर नुसत्या म्यूच्या हिशोबाने तीन डेसिबलचा फरक होतो. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू मोजा, जोडी किती जुळली आहे तेही कळेल.

काय ऐकायचं? जे तुम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलात तेच. माझ्याकडे एका ख्यालाची पहिली पाच मिनिटं ठरलेली आहेत. गाणं सुरू होण्याआधी नुसते तानपुरे असतात तेव्हा जवारीकडे लक्ष देतो. खर्जाच्या तारेतून निघणारे वरचे सूर एकेक सुटे ऐकू येतात की त्यांची एकच भिणभिण होते? गायक श्वास घेतो तो दिसतो का? मग तबला. चाटेवरचा "ना" टोकदार हवा पण काचेसारखा नको. डग्ग्यावरची घसीट वर चढताना सलग राहते का? सारंगी किंवा हार्मोनियम गळ्यामागे उभी राहते की गळ्यावरच चढते? प्रत्येक प्रश्नाला वहीत एक ओळ. "छान", "उबदार" असले शब्द लिहू नका, महिन्याभराने त्यातून काहीच कळत नाही.

शेवटी पहिला व्हॉल्व्ह परत लावा, पातळी जुळवा आणि तीच पाच मिनिटं पुन्हा ऐका. दोघांतला फरक त्या वेळीही जाणवला तर तो व्हॉल्व्हचा. नाहीतर तो तुमच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचा होता. घरच्या कुणाला बदलायला लावून, कोणता लावलाय हे न विचारता ऐकलंत तर आणखी चांगलं, मात्र हात लावण्याआधी त्यांना पहिली आणि सहावी पायरी नीट समजावून सांगा.

८. खरखर, गुणगुण, टणटण

एकाच बाजूने खरखर येत असेल तर बंद करून डाव्या-उजव्या बाजूचे व्हॉल्व्ह अदलाबदल करा. खरखर बाजू बदलून गेली तर दोष व्हॉल्व्हचा, जागीच राहिली तर सॉकेटचा किंवा आतल्या भागाचा. दोन्ही बाजूंनी सारखी गुणगुण असेल तर आधी अर्थिंग आणि वायरी बघा. चालू असताना आवाज कमी ठेवून पेन्सिलच्या रबराने काचेवर हलकेच टिचकी द्या. थोडी टिकटिक चालते. घंटेसारखा नाद उमटून लांबला तर तो व्हॉल्व्ह फोनोसाठी नको, बफरच्या जागी चालू शकेल. सिलिकॉनच्या कड्या घालून हा नाद थोडा दबतो, पण चांगला व्हॉल्व्ह त्यांच्याशिवायच शांत असतो.

९. जपणूक

काढलेला प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या डब्यात, डब्यावर तारीख आणि अंदाजे तास लिहून. रोज तीन तास ऐकलं तर वर्षाला साधारण अकराशे तास होतात, म्हणजे दहा हजार तासांचा ६९२२ नऊ वर्षं पुरतो. म्हणून साठा करत सुटू नका. दोन चांगल्या जोड्या आणि एक मापाचा नवा व्हॉल्व्ह एवढं पुष्कळ. इथली धूळ सॉकेटात बसते, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी प्रीअ‍ॅम्प बंद आणि थंड असताना व्हॉल्व्हवरून मऊ ब्रश फिरवा. आणि ज्या प्रीअ‍ॅम्पमध्ये तुम्ही फोनो वापरत नाही, त्यातला फोनोचा व्हॉल्व्ह काढून ठेवता येतो का, हे कंपनीला विचारून घ्या. काही प्रीअ‍ॅम्पमध्ये चालतं, काहींत हीटर मालिकेत असल्यामुळे बाकीचेही विझतात.